सकाळी नऊची लॅब आणि ‘हॅश सम मिसमॅच’: डेबियनचा स्थानिक मिरर पुन्हा पुन्हा का बिघडतो

“सर, पुन्हा त्या ‘ई’ने सुरू होणाऱ्या ओळी आल्यात.”

लॅब असिस्टंट मॅडमचा हा फोन एका सत्रात मला इतक्या वेळा आला की सोमवारी सकाळी नऊ वाजता मी आपोआप खुर्चीत ताठ बसायचो. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दोन लॅब, प्रत्येकी ६० मशीन, सगळीकडे डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम. एखादं ३०० एमबीचं पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) सगळ्यांनी एकदम उतरवलं तर ३६ जीबी होतात आणि तेवढ्यात अख्ख्या कॅम्पसचं इंटरनेट झोपतं. म्हणून कॉलेजातच एका जुन्या सर्व्हरवर डेबियनच्या भांडाराची प्रत, म्हणजे मिरर, ठेवला. रोज रात्री तो बाहेरच्या एका मोठ्या मिररवरून स्वतःला अद्ययावत करून घेतो आणि लॅबमधली मशीन त्याच्याकडून पॅकेजेस घेतात, अशी मांडणी.

मिरर उभा करायला एक शनिवार-रविवार लागला. तो नीट चालायला लागेपर्यंत मात्र सहा महिने गेले. दुखणं एकच होतं, पण त्यामागची कारणं चार निघाली, आणि एक काढलं की दुसरं त्याच चेहऱ्याने पुढे यायचं. ती सगळी इथे लिहून ठेवतोय. (कमांड, फाइली आणि पर्याय वाचायला सोपे जावेत म्हणून उच्चाराप्रमाणे लिहिलेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.)

आधी एरर नीट वाचा

ॲप्ट म्हणजे डेबियनवर पॅकेजेस बसवणारी कमांड: तिचं ‘अपडेट’ ताज्या याद्या आणतं, ‘इन्स्टॉल’ पॅकेज बसवतं. ‘ॲप्ट अपडेट होत नाही’ ही तक्रार म्हणजे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ सांगण्यासारखं आहे. लॅबमधून फोन आला की मी आता पहिल्यांदा एररची पूर्ण ओळ फोटो काढून मागवतो, कारण तीन वेगळ्या ओळी तीन वेगळ्या दिशा दाखवतात.

‘हॅश सम मिसमॅच’, किंवा ‘फाइल हॅज अनएक्स्पेक्टेड साइज’ आणि पुढे ‘मिरर सिंक इन प्रोग्रेस?’ असा प्रश्न: याचा अर्थ अनुक्रमणिकेच्या (पॅकेजेसच्या याद्यांच्या) फाइली एकमेकींशी जुळत नाहीत. या दुसऱ्या ओळीतलं प्रश्नचिन्ह मला फार आवडतं. ॲप्टने रोगाचं निदान तिथेच करून दिलेलं असतं आणि आपण ते वाचत नाही.

‘अपडेट’ सुरळीत झालं पण ‘इन्स्टॉल’ करताना ४०४ (‘फाइल सापडली नाही’) आलं: अनुक्रमणिका ठीक आहे, तिच्यात लिहिलेली पॅकेजची .डेब फाइल जागेवर नाही.

‘रिलीज फाइल एक्स्पायर्ड’ किंवा ‘नॉट व्हॅलिड येट’: हे दुखणं तारखेचं आहे. त्याकडे शेवटी येतो.

फोन आल्यावर सुरुवातीला मी काय करायचो? इंटरनेटवर सगळे सांगतात तेच. व्हार-लिब-ॲप्ट-लिस्ट्स या फोल्डरमधलं सगळं पुसायचं, ॲप्ट क्लीन चालवायचं आणि पुन्हा अपडेट. कधीकधी याने काम व्हायचंही. पण ते होण्याचं कारण एवढंच, की मी १२० मशीनवर हा उद्योग करेपर्यंत तासभर जायचा आणि दरम्यान मिररवरच्या फाइली आपल्या आपण जुळून यायच्या. श्रेय माझ्या कमांडला मिळायचं. एकाच मशीनवर एरर असेल तर हा उपाय जरूर करा. दहा मशीनवर एकदम तोच एरर असेल तर मशीनना हात लावू नका, दोष त्यांच्यात नाही.

भांडार बांधलेलं कसं असतं

मिरर म्हणजे फाइलींचा ढीग नव्हे. डेबियनच्या भांडारात दोन मुख्य फोल्डर असतात: ‘पूल’मध्ये खरी पॅकेजेस, म्हणजे .डेब फाइली, आणि ‘डिस्ट्स’मध्ये त्यांच्या याद्या. ‘डिस्ट्स’मध्ये प्रत्येक आवृत्तीची एक ‘इनरिलीज’ फाइल असते आणि तिच्यावर डेबियनची डिजिटल सही असते. या फाइलीत ‘पॅकेजेस’ नावाच्या याद्यांचे आकार आणि शा-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली खूण, मजकूर बदलला की तीही बदलते) लिहिलेले असतात. त्या याद्यांमध्ये प्रत्येक .डेब फाइलीचा हॅश असतो. थोडक्यात साखळी अशी: सही इनरिलीजवर, इनरिलीजमध्ये यादीची खूण, यादीत पॅकेजची खूण. मधली एक कडी जरी जुनी राहिली तरी ॲप्ट ती नाकारतं, आणि बरोबरच करतं. या साखळीमुळेच मिरर कोण चालवतो यावर विश्वास टाकावा लागत नाही. साध्या एचटीटीपीवरूनही पॅकेजेस सुरक्षितपणे घेता येतात ती त्यामुळेच.

एसटी स्टँडवर वेळापत्रकाचा फलक असतो तसं हे. नव्या गाडीचं नाव फलकावर आधी रंगवलं आणि गाडी अजून डेपोतच आली नसेल तर प्रवासी भांडायला येणार. जुनी गाडी बंद केली आणि फलक पुसायचा राहिला तरी तेच. म्हणून आधी नवी गाडी आणा, मग फलक बदला, आणि जुनी गाडी सगळ्यात शेवटी काढा. मिररचा सगळा जीव या क्रमात आहे, आणि मिरर ताजा करणाऱ्या माझ्या चार ओळींच्या स्क्रिप्टमध्ये नेमका तोच नव्हता.

निम्मं निदान दोन मिनिटांत

एरर आला की थेट मिरर सर्व्हरवर लॉगिन व्हा. ज्या यादीवर ॲप्ट चिडलंय, समजा ‘मेन’ विभागाची एएमडी-६४ या प्रोसेसर-प्रकाराची ‘पॅकेजेस डॉट एक्सझेड’, तिच्यावर शा-२५६-सम चालवा. मग इनरिलीज उघडून त्याच नावासमोरचा शा-२५६ पाहा.

दोन्ही वेगळे आले तर दोष सिंकमध्ये (बाहेरच्या मिररवरून प्रत ताजी करण्यात) आहे. दोन्ही जुळले तर मिरर निर्दोष, आणि मिरर ते लॅब या वाटेत कुणीतरी शिळा माल वाढतंय. एवढ्या एका तपासणीने अर्धं जंगल साफ होतं. मी ती पहिल्या महिन्यात केली असती तर नेटवर्कवाल्या सहकाऱ्याशी झालेली दोन भांडणं टळली असती. (पैकी एकात चूक माझी होती, दुसऱ्यात त्याची. त्याला फक्त दुसरं आठवत नाही.)

इथे एक खड्डा आहे. इनरिलीजमध्ये कॉम्प्रेस न केलेल्या नुसत्या ‘पॅकेजेस’ फाइलीचीही नोंद असते, पण ती फाइल भांडारात ठेवलेली नसते. तिथे असतात त्या जीझेड किंवा एक्सझेड रूपातल्या. ‘आपली फाइल सिंकमध्ये हरवली’ असं समजून मी एक अख्खी संध्याकाळ तिच्यामागे घालवली आहे.

पहिलं कारण: आरसिंकला वर्णक्रम कळतो, डेबियन कळत नाही

माझी मूळ स्क्रिप्ट अशी होती: एकच आरसिंक (फाइलींची प्रत ताजी करणारा प्रोग्राम), ‘डिलीट’ पर्यायासह, सगळं भांडार एका दमात. दिसायला स्वच्छ. पण आरसिंक फाइलींची यादी नावाप्रमाणे लावून त्याच क्रमाने कामाला लागतं. ‘डिस्ट्स’ डी ने सुरू होतं, ‘पूल’ पी ने. म्हणजे फलक आधी रंगवला जायचा आणि गाड्या नंतर यायच्या. ‘डिस्ट्स’च्या आतही एका पातळीवरच्या सुट्या फाइली आधी आणि उपफोल्डर नंतर येतात. त्यामुळे इनरिलीज नवी व्हायची आणि खाली ‘मेन’मधली यादी काही काळ जुनीच असायची. पहिल्या प्रकारात ४०४, दुसऱ्यात हॅश मिसमॅच. शिवाय साधं ‘डिलीट’ लावल्यावर आरसिंक जुन्या फाइली काम चालू असतानाच काढत जातं. ज्या मशीनने आदल्या दिवशी ‘अपडेट’ केलं आणि आज ‘इन्स्टॉल’ करतेय, तिच्या यादीतली फाइल तोवर गायब.

आमची लाइन जेमतेम. रात्री सुरू झालेला सिंक मोठा असला की सकाळी दहापर्यंत चालायचा. नऊची लॅब बरोबर त्या मधल्या अवस्थेत सापडायची. सोमवारीच जास्त का? कारण रविवारी वीज गेली की सिंक राहायचा आणि सोमवारच्या पहाटे दोन दिवसांचा माल एकदम यायचा.

उपाय जुना आणि सर्वमान्य आहे: सिंक दोन टप्प्यांत करायचा. पहिल्या आरसिंकमध्ये ‘डिलीट’ अजिबात नाही, आणि ‘पॅकेजेस’, ‘सोर्सेस’, ‘रिलीज’, ‘इनरिलीज’, भाषांतरांचं ‘आय-एटीन-एन’ फोल्डर, ‘एलएस-एलआर’ अशा याद्यांच्या फाइली एक्सक्लूड करायच्या. याने नवी .डेब फाइल शांतपणे पूलमध्ये येऊन बसते, कुणाला पत्ताही लागत नाही. दुसऱ्या आरसिंकमध्ये सगळं घ्यायचं, सोबत ‘डिले-अपडेट्स’ आणि ‘डिलीट-आफ्टर’. ‘डिले-अपडेट्स’मुळे नव्या फाइली आधी बाजूला जमा होतात आणि शेवटी एकदम जागेवर सरकवल्या जातात, म्हणजे गोंधळाची खिडकी तासांवरून काही सेकंदांवर येते. ‘डिलीट-आफ्टर’मुळे साफसफाई सगळ्यात शेवटी होते.

यात तीन अटी आहेत आणि त्या पाळल्या नाहीत तर दोन टप्पे करूनही उपयोग नाही.

पहिला टप्पा यशस्वी झाला नाही तर दुसरा चालवायचाच नाही. ‘जेवढं आलं तेवढं आलं, याद्या तरी घेऊ’ हा मोह आवरा.

एक सिंक चालू असताना दुसरा सुरू होता कामा नये. क्रॉनला (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) पहिला संपलाय की नाही हे कळत नाही, ते वेळ झाली की दुसरा सोडून देतं. ‘एफलॉक’ने कुलूप लावा. माझ्याकडे एका रात्री तीन आरसिंक एकाच फोल्डरवर नांदत होते.

आरसिंकचा एक्झिट कोड वाचा. शून्य म्हणजे उत्तम. २४ म्हणजे यादी केली तेव्हा असलेल्या काही फाइली घ्यायला गेल्यावर नाहीशा झाल्या होत्या. हा कोड वारंवार येत असेल तर तुम्ही ज्याच्याकडून घेता तो मिरर स्वतःच त्या वेळी बदलतोय. १२ आणि ३० हे बहुधा तुटक्या लाइनचे. समोरच्याची जोडण्यांची मर्यादा भरली असेल तर ‘मॅक्स कनेक्शन्स’चा संदेश आणि ५ येतो. तिथे दर मिनिटाला पुन्हा धडकू नका, अर्धा तास थांबा. पहिल्या दिवसापासून काहीच जोडलं जात नसेल तर कॅम्पसच्या फायरवॉलमधून ८७३ नंबरचा पोर्ट बाहेर जाऊ देतात का ते विचारा. बहुतेक ठिकाणी नाही जाऊ देत.

हे सगळं स्वतः लिहायची खरं तर गरज नाही. डेबियनची ‘एफटीपीसिंक’ नावाची तयार स्क्रिप्ट यासाठीच आहे: दोन टप्पे, कुलूप, लॉग, सगळं तिच्यात आहे. नाव एफटीपीचं असलं तरी काम आरसिंकनेच चालतं. डेबियनने आपली सार्वजनिक एफटीपी सेवा १ नोव्हेंबर २०१७ रोजी बंदही केली, नाव तेवढं मागे राहिलं. मी आता तीच वापरतो. आधी का नाही वापरली? चार ओळीत होतंय तर चारशे ओळींची स्क्रिप्ट कशाला, या आगाऊपणामुळे.

दुसरं कारण: रात्री अडीच

हे कारण आपल्याकडच्या लोकांनी खास लक्षात ठेवावं असं आहे. रात्रीचं काम कुठल्याही भारतीय ॲडमिनला विचारलं तर तो दोन-अडीचची वेळ सांगेल. बॅकअप बारा-एकला, मग सिंक अडीचला. मीही तेच केलं होतं.

डेबियनचं मुख्य भांडार दिवसातून चार वेळा अद्ययावत होतं, आणि जगभरचे मिरर साधारण ३, ९, १५ आणि २१ वाजता यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) या सुमारास ओढायला लागतात. या वेळा ठरीव नाहीत आणि त्यांच्यावर विसंबू नका असं डेबियनच सांगतं. पण आता त्यात साडेपाच तास मिळवा: सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि रात्री अडीच. आमच्या क्रॉनची वेळ तीच! मी ज्याच्याकडून माल घ्यायला जायचो तो स्वतःच त्या घटकेला ट्रक उतरवत असायचा. दिवसाच्या चोवीस तासांत जी वेळ टाळायची तीच मी ‘निवांत असतं’ म्हणून निवडली होती.

ज्याच्याकडून घेता त्याच्या ‘प्रोजेक्ट’ फोल्डरात ‘ट्रेस’ नावाचं फोल्डर असतं. त्यात त्या मिररच्या नावाची एक छोटी फाइल असते आणि तिच्यात त्याचा शेवटचा सिंक कधी पूर्ण झाला ती वेळ असते. आठवडाभर ती रोज पाहून लिहून ठेवा. त्या वेळेनंतर दोनेक तास सोडून आपली वेळ ठेवा. माझी आता पहाटे ५:४० आणि रात्री ११:४० आहे. मिनिटं मुद्दाम आडवी घेतली, कारण बरोबर तासाच्या ठोक्याला सगळ्या दुनियेचे क्रॉन धावतात. शिवाय सिंक चालू असताना मिररच्या मुळाशी ‘आर्काइव्ह-अपडेट-इन-प्रोग्रेस’ने सुरू होणारी फाइल दिसते. माझी स्क्रिप्ट आधी ती आहे का बघते, असेल तर पंधरा मिनिटं झोपते.

हे दोन बदल केले आणि तीन आठवडे एकही फोन आला नाही. मी निर्धास्त झालो, आणि तिथेच फसलो.

तिसरं कारण: वाटेतला शिळा माल

चौथ्या आठवड्यात हॅश मिसमॅच परत आला. यावेळी सर्व्हरवर हॅश तपासले तर चोख जुळत होते. मग लॅबच्या मशीनवरून कर्ल या फाइल उतरवणाऱ्या कमांडने तीच यादी उतरवून पाहिली. हॅश वेगळा! हेडरमध्ये ‘एज’ काही हजार सेकंद आणि ‘एक्स-कॅश’मध्ये ‘हिट’. म्हणजे फाइल साठवणीतली होती, मधे कुणीतरी होतं. कॅम्पसमध्ये पोर्ट ८० वरची सगळी वाहतूक एका पारदर्शक प्रॉक्सीतून (वाटेत फाइली साठवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरमधून) जाते. ती मशीनला दिसत नाही, कुणी सांगत नाही, आणि तिने कालची यादी सांभाळून ठेवली होती. नवी इनरिलीज थेट मिळायची, यादी प्रॉक्सीच्या फडताळातली. एकाच इमारतीतल्या दोन मशीनमधला प्रवास बाहेरच्या प्रॉक्सीतून कशाला, हा प्रश्न मीही विचारला. उत्तर होतं, ‘पहिल्यापासून तसंच आहे.’

यावर डेबियनने मुळातच तोड काढलेली आहे. याद्या त्यांच्या नेहमीच्या नावाबरोबर ‘बाय-हॅश’ या फोल्डरातही असतात आणि तिथे फाइलीचं नाव म्हणजे तिचाच हॅश. मजकूर बदलला की नाव बदलतं, त्यामुळे जुन्या नावाखाली शिळी यादी वाढली जाण्याचा प्रश्नच उरत नाही. इनरिलीजमध्ये ‘ॲक्वायर-बाय-हॅश: येस’ असेल तर ॲप्ट आधी तिथेच विचारतं. ॲप्टमध्ये ही सोय १.२ पासून आहे.

मग आमच्याकडे ती का चालली नाही? कारण सुरुवातीच्या उत्साहात ‘एकाच फाइलीच्या दोन-दोन प्रती कशाला’ म्हणून जागा वाचवायला मीच ‘बाय-हॅश’ एक्सक्लूड केलं होतं. ॲप्टला ते मिळालं नाही की ते निमूट नेहमीच्या नावाकडे वळायचं आणि प्रॉक्सीच्या हातात सापडायचं. वाचवलेली जागा किती होती ते मी इथे लिहीत नाही, लाज वाटते. तुमच्या एक्सक्लूडच्या यादीत ‘बाय-हॅश’ असेल तर आत्ता काढा. आरसिंकला ‘हार्ड-लिंक्स’चा पर्याय दिला की एकाच फाइलीची दोन नावं असतील तर दुहेरी जागाही जात नाही.

सोबत आणखी दोन गोष्टी केल्या. लॅबच्या मशीनवर ॲप्टच्या सेटिंगमध्ये आपल्या मिररच्या नावापुढे प्रॉक्सी ‘डायरेक्ट’ अशी नोंद घातली. पण पारदर्शक प्रॉक्सीला हे ऐकू येत नाही, तिथे नेटवर्कवाल्यांकडूनच अपवाद घालून घ्यावा लागतो. म्हणून वेब सर्व्हरवरही ‘डिस्ट्स’ खालच्या सगळ्या फाइलींना ‘कॅश-कंट्रोल’मध्ये ‘नो-कॅश’ लावलं, म्हणजे प्रॉक्सीने ठेवलं तरी देण्याआधी विचारलं पाहिजे. ‘पूल’ला उलट भरपूर मुदत दिली. पूलमधली फाइल एकदा आली की बदलत नाही, नवी आवृत्ती नव्या नावाने येते. प्रॉक्सीने ती खुशाल ठेवावी.

चौथं कारण: डिस्कचं दुष्टचक्र

हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात त्रासदायक. दुसऱ्या टप्प्यात साफसफाई शेवटी होते, म्हणजे काही काळ जुनं आणि नवं दोन्ही डिस्कवर असतं. तेवढी मोकळी जागा नसेल तर आरसिंक मधेच कोड ११ देऊन थांबतं. थांबलं म्हणजे साफसफाईपर्यंत पोचतच नाही. डिस्क भरलेलीच राहते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मिरर नऊ दिवस गोठलेला होता आणि बाहेरून सगळं ठीक दिसत होतं, कारण याद्या जुन्या असल्या तरी एकमेकींशी जुळत होत्या.

अशा वेळी घाईत हाताने पूलमधल्या फाइली पुसू नका. आधी गरज नसलेली आर्किटेक्चर (प्रोसेसरचे प्रकार) कमी करा. पूर्ण भांडार काही टेराबाइटचं आहे आणि लॅबमध्ये सगळी एएमडी-६४ मशीन असतील तर बाकीचं ओझं कशाला? एफटीपीसिंकमध्ये हवी ती आर्किटेक्चर नेमून देता येतात. शिवाय ईएक्सटी-४ फाइलसिस्टम मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के जागा रूट या मुख्य यूजरसाठी राखून ठेवते. मिररचा सिंक वेगळ्या साध्या यूजरने चालतो (आणि चालवावाच), त्यामुळे त्याच्या लेखी डिस्क आधीच भरते. नुसत्या मिररचा डेटा असलेल्या डिस्कवर एवढं राखीव ठेवण्यात अर्थ नाही, ट्यून-टू-एफएसने ते १ टक्का करा. आमच्या ४ टीबीच्या डिस्कवर याने दीडशे जीबीच्या वर जागा सुटली.

‘मॅक्स-डिलीट’चा आकडाही घालून ठेवा. समोरच्या मिररची डिस्क काही कारणाने रिकामी दिसली तर आरसिंक इमानदारीने आपल्याकडचंही सगळं पुसेल. मर्यादा घातली की ते कोड २५ देऊन थांबतं. मोठ्या बदलाच्या वेळी, उदाहरणार्थ ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ ‘ट्रिक्सी’ आलं तशा दिवसांत, खरोखरच बरंच काही पुसायचं असल्यामुळेही ही मर्यादा आड येऊ शकते. तेव्हा डोळ्यांनी बघून त्या रात्रीपुरती वाढवायची.

तारखेचे एरर, आणि एक चुकीचा उपाय

‘एक्स्पायर्ड’वाला एरर मिररच्या दृष्टीने चांगला म्हणावा लागेल. टेस्टिंग (पुढची, अजून तयार होणारी आवृत्ती) आणि सुरक्षा अद्यतनांच्या रिलीज फाइलींवर ‘व्हॅलिड-अंटिल’ ही मुदत असते, साधारण आठवड्याची. मुदत संपली म्हणजे मिरर तितके दिवस शिळा आहे. आमच्याकडे एका उत्साही विद्यार्थ्याने सगळ्या मशीनवर ‘चेक-व्हॅलिड-अंटिल’ बंद करून टाकलं आणि प्रश्न सुटल्याची मेल पाठवली. दारातली घंटा त्रास देते म्हणून तिची वायर कापण्यातला हा प्रकार. स्टेबलच्या (स्थिर आवृत्तीच्या) मुख्य रिलीजवर मात्र ही मुदत नसते, म्हणून तिथे मिरर महिनाभर मेला तरी ॲप्ट चकार शब्द काढत नाही. त्यामुळे पहारा आपणच ठेवायचा: माझी एक छोटी स्क्रिप्ट रोज सकाळी सातला आपल्याच मिररवरची ट्रेस फाइल बघते आणि ती ३६ तासांपेक्षा जुनी असेल तर मला मेसेज करते. लॉग वाचणारी भारी व्यवस्था मी आधी केली होती, आता बंद आहे. ही एक तपासणी पुरते.

सुरक्षा अद्यतनांचा मिरर आम्ही ठेवत नाही. डेबियनही तो ठेवू नका असंच सुचवतं. ती अद्यतनं लवकर पोचण्यातच त्यांचं मोल आहे, मधे आपला कित्येक तासांचा थांबा नको. लॅबची मशीन त्यासाठी थेट बाहेर जातात. पोटापुरतीच वाहतूक असते, सोसते.

आणि हो, तुमची २०-२५ मशीन असतील तर पूर्ण मिरर उभारूच नका. ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवा. कुणीतरी एकदा मागितलेलं पॅकेज ते जपून ठेवतं आणि पुढच्यांना तिथून देतं. याद्यांचा हा सगळा संसार मागे लागत नाही. मला आज कुणी विचारलं तर १२० मशीनसाठीसुद्धा मी आधी तेच करून पाहीन. आमचा मिरर टिकून आहे तो इंटरनेट पूर्ण बंद असतानाही प्रात्यक्षिक परीक्षा घेता येते, या एका कारणासाठी.

मागच्या महिन्यात मॅडमचा परत फोन आला. दुसऱ्या लॅबमधली फक्त सात मशीन, ‘नॉट व्हॅलिड येट’, अजून अमुक दिवस थांबा म्हणतंय. मिररवर हॅश जुळले, ट्रेस ताजी, प्रॉक्सी वाटेत नाही. मशीनवर ‘डेट’ कमांड चालवली तर तारीख कित्येक वर्षं मागची. ही सातही मशीन एकाच जुन्या खेपेतली, मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ बॅटऱ्या संपलेल्या, आणि एनटीपीचा (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याचा) पोर्ट फायरवॉलला बंद. रात्री वीज गेली की सकाळी घड्याळ भूतकाळात. बॅटऱ्या बदलल्या, मिरर सर्व्हरवरच क्रोनी (वेळ जुळवणारा प्रोग्राम) बसवून त्याला लॅबचं घड्याळही वाटायला सांगितलं. पाच मशीन लगेच सुधारल्या. दोनांचे बॅटरीचे खोबणच गंजलेत, त्या अजून टेबलाखाली आहेत.